फुलांच्या रविवारी फुलं कुठे गेली त्याचा खुलासा

५, ग्लानरावन ओळ
१२ एप्रिल

आदरणीय ग्वेनलियन आत्या,

तुमच्या भाच्याचा, गेथिनचा, बसल्या जागेवरून वाकून नमस्कार. (उभं राहता येत नाही. डावा घोटा मुरगळला आहे, का ते ओघात येईलच.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा, तुमची मांजर आणि तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारा तो ट्रम्पेटवाला, या तिघांची खुशाली सवडीने कळवावी. लिव्हरपूलला ऊन पडलं असं बातम्यांत सांगितलं, म्हणजे तिथेही पाऊसच असणार. ईस्टरला तुम्ही पाठवलेला केक पोचला. दात शाबूत आहेत.

तुमचं कार्डही पोचलं. पुढे समुद्राचं चित्र आणि मागे एकच ओळ, की फुलांच्या रविवारी माझ्या वडिलांच्या थडग्यावरची फुलं तू चोरलीस असं कानावर आलं आहे, खुलासा कर. आत्या, अशी गोष्ट पाकिटात घालून लिहावी. पस्तीस वर्षं मी या खोऱ्यात टपाल वाटलं आहे, तेव्हा उघडी कार्डं कोण वाचतं ते मला पक्कं ठाऊक आहे (मी वाचायचो). आता माझ्या जागी जी पोरगी आली आहे तिने कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काका, खुलासा जरा सविस्तर करा हं, आम्हालाही कळू दे." तुमच्यापर्यंत ही बातमी कोणी पोचवली ते मी विचारत नाही. नेस्टाची बहीण तुमच्याच चॅपलला जाते एवढंच मला माहीत आहे आणि तेवढं पुरे आहे.

तर मुळापासून सांगतो. तुमच्या शाळेत तुमच्या शेजारी बसणारी केनवेन गेल्या ऑगस्टमध्ये मागच्या दारच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली, हे तुम्हाला कळलं असेलच. केनवेनचा आवाज तुम्हाला आठवतो. पहिल्या घरातून ती नवऱ्याला, इद्वलला, चहा प्यायला हाक मारायची आणि सहाव्या घरात मेरिग केटली ठेवायचा. ऑपरेशन चांगलं झालं. नवा खुबा जुन्यापेक्षा मजबूत आहे असं डॉक्टर म्हणाले, फक्त चालायला हवं. ती चालेना. तिची खाट खाली पुढच्या खोलीत आणून खिडकीशी लावली. खिडकीतून दिसतं काय, तर समोरचा गवताचा त्रिकोणी तुकडा, बर्फात रस्त्यावर टाकायच्या मिठाची पिवळी पेटी आणि बसथांबा. घरी येणारी नर्स म्हणाली, आजी, निदान दारापर्यंत तरी चला. केनवेन म्हणाली, दारापलीकडे काय आहे? आणि त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. सप्टेंबर गेला तसं नर्सने इद्वलला बाजूला घेऊन सांगितलं, की वसंतापर्यंत या घराबाहेर पडल्या तर पडल्या, नाहीतर मग कायमच्या खाटेवर. त्या दिवशी इद्वल माझ्या दारात येऊन उभा राहिला. साठ वर्षांच्या संसारात त्या माणसाला एक वाक्य पुरं करता आलेलं नाही, आणि आता बोलायला मोकळीक मिळाली तर त्याच्यापाशी एकच वाक्य होतं. म्हणाला, "गेथिन, ती आता माझ्यावर ओरडतसुद्धा नाही रे." मला ते ऐकवलं नाही. मी त्याला आत घेतलं आणि चहा केला. (साखर विसरलो, तो काही बोलला नाही, यावरून काय ते समजा.)

डॅफोडिलची कल्पना इद्वलची. समोरच्या गवतात सगळ्या ओळीने मिळून कंद लावायचे, म्हणजे वसंतात तिच्या खिडकीत पिवळंधमक होईल आणि बघायला तरी ती उठेल. आपल्या ओळीत बारा घरं, त्यातली चार आता सुट्टीत येणाऱ्यांना भाड्याने देतात, त्यांना कंद आणि कांदा यातला फरक विचारण्यात अर्थ नाही. उरली आठ. एकशेवीस कंद आणले, घरटी पंधरा. यावर नेस्टाच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. नेस्टा म्हणजे ती शाळेत जेवण वाढायची तीच, जिने तीस वर्षं बटाट्याचे गोळे मुलांच्या ताटात फूटपट्टीने मोजल्यासारखे एका रेषेत ठेवले. तिचं म्हणणं, कंद ओळीत लावायचे. इद्वलने कुठेतरी वाचलं होतं की हातात मूठभर कंद घ्यावेत, पाठमोरं उभं राहावं, खांद्यावरून मागे भिरकवावेत आणि जो जिथे पडेल तिथेच तो लावावा, म्हणजे देवाने पेरल्यासारखे दिसतात. नेस्टा म्हणाली, देव ओळीत पेरत नाही हे तुला कोणी सांगितलं? दोन तास हे चाललं. मनुकांचा पाव संपला तेव्हा मतदान झालं आणि भिरकवण्याची बाजू एका मताने जिंकली. (ते मत माझं. मला घरी जायचं होतं.) मात्र नियम केला तो पक्का, की पडेल तिथे लावायचा, कोणी हात लावून सरकवायचा नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही आठ घरांची वयस्कर माणसं त्या गवतावर पाठमोरी उभी राहून खांद्यावरून कंद फेकत होतो. खिडकीतून केनवेन बघत होती. इद्वलची आशा अशी, की ती विचारेल, हा काय वेडेपणा चाललाय. तिने विचारलं नाही. पडदा ओढून घेतला. मेरिगने आयुष्यभर खाणीत सुरुंग लावले आहेत, त्यामुळे त्याचं फेकणं मोठं. त्याचा एक कंद थेट बसथांब्याच्या छपरावर गेला. सगळे थांबले. इद्वल म्हणाला, "पडेल तिथे." मेरिग घरून शिडी, दह्याचा रिकामा डबा आणि माती घेऊन आला आणि छपरावर तो कंद लावून खाली उतरला. कोणी हसलं नाही. नियम म्हणजे नियम. नेस्टाचे पंधराही कंद मात्र एका सरळ रेषेत पडले होते, आणि ते कसे पडले हे तिला विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही.

मग हिवाळा. तो तुम्हाला सांगायला नको. डॅफोडिलं यंदा उशिरा आली. फुलांच्या रविवारआधीच्या गुरुवारी उमलली ती एकदम, सगळी, छपरावरच्यासकट. शुक्रवारी सकाळी केनवेन म्हणाली, "इद्वल, ते बसथांब्यावर कोणत्या गाढवाने लावलंय?" आत्या, सात महिन्यांतला हा तिचा पहिला प्रश्न. इद्वल सपाता घालूनच ओळीतल्या प्रत्येक दारी सांगत सुटला. मेरिगला गाढव म्हटलं म्हणून मेरिगच्या डोळ्यांत पाणी. दुपारपर्यंत तिने पुढचा हुकूम सोडला, की रविवारी दहा वाजता मला खुर्चीत बसवून खिडकीशी ठेवायचं, केस कुरळे करायचे आणि निळा स्वेटर काढायचा. नर्स म्हणाली, खुर्चीत बसल्या ना, की दार लांब नाही. त्या शुक्रवारी आपल्या ओळीत जो तो दुसऱ्याशी गोड बोलत होता, इतका की मला जरा भीतीच वाटली.

आता इथून नीट वाचा, कारण इथून माझा काहीही दोष नाही. ईस्टरआधीच्या या फुलांच्या रविवारी आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहायची, हे तुम्हीच मला बोट धरून शिकवलंत. शनिवारी दगड घासायचे आणि रविवारी नेस्टाच्या आधी पोचायचं. एरवी मी फुलं गावातल्या दुकानातून आणतो. यंदा मनात आलं, दारात माझी स्वतःची पंधरा डॅफोडिलं उभी आहेत, मीच फेकलेली, मीच लावलेली. एकशेवीसातली पंधरा गेली तर कोणाच्या लक्षात येणार? उजाडता उजाडता गेलो, स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली आणि टेकडीवर चढलो. (चॅपल आता मँचेस्टरच्या एका मेणबत्त्या करणाऱ्याने घेतलं आहे, पण मागची थडगी अजून आपलीच.) आजोबांच्या दगडाशी फुलं ठेवली. छान दिसत होती. तेवढ्यात नेस्टा आली, हातात बादली, बादलीवर फडकं. मग मेरिग आला, कोटाची बटणं लागत नव्हती. मग एकेक करत बाकीच्या घरांतले. सगळ्यांकडे डॅफोडिलं. जो तो दुसऱ्याच्या फुलांचं कौतुक करतोय. कुठून आणलीस ग? अशीच. तुझी रे? अशीच, मिळाली. सातवा माणूस फाटकातून आत आला तेव्हा बोलणं बंद पडलं. मेरिग म्हणाला, "मी फक्त माझीच तोडली." मी म्हणालो, मीही माझीच. नेस्टा म्हणाली, "म्हणजे मी काय दुसऱ्याची तोडली?" सातही जणांनी फक्त आपापलीच तोडली होती. कोणी चोरी केली नव्हती, कोणी कोणाच्या वाट्याला हात लावला नव्हता. टेकडीवरून खाली बघितलं तर गवताचा तुकडा हिरवागार दिसत होता. गवत हिरवं असणं ही एरवी तक्रारीची गोष्ट नव्हे.

नेस्टा म्हणाली, घाबरू नका, इद्वल काही तोडायचा नाही, त्याची पंधरा खिडकीखालीच आहेत. मेरिगची लांबची नजर अजून चांगली आहे. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, नाहीत. छपरावरचं एक आहे. यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मी चॅपलच्या पन्हाळीकडे बघत होतो, ती यंदा फार गळते.

साडेआठ वाजले होते. दहाला तिचा पडदा उघडणार. सात महिन्यांनी ती बाई खुर्चीत बसणार, केस कुरळे करून, आणि समोर काय, तर गवत आणि मिठाची पेटी. पुन्हा ती कशाला उठते? फुलं परत न्यायची हे मेरिगच्या तोंडून निघालं. वाहिलेली फुलं उचलायची? नेस्टाने दोन्ही हात कानांवर ठेवले. मेरिग आपल्या बापाच्या दगडाशी वाकला आणि म्हणाला, "बाबा, दुपारी आणून देतो," आणि उचलली. मग एकेकाने आपापल्या माणसांची परवानगी काढली. आजोबांना मी तीनदा मोठ्याने विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. तुम्ही रागावू नका, पण आजोबांनी हयातीत कधी कोणाला दारातली काडी दिली नव्हती. त्यांच्या नावावर आता निदान एक दान जमा आहे. तुम्ही ज्याला चोरी म्हणता ती एवढीच. फाटकापाशी गर्दी झाली म्हणून मी भिंतीवरून उडी मारली. घोटा तिथे.

नऊ वाजता आम्ही गवतावर गुडघे टेकून बसलो होतो. इद्वल दार उघडून बाहेर आला, हातात केस कुरळे करायची नळी. त्याने आमच्याकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, रिकाम्या गवताकडे बघितलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. मग तो आत गेला आणि केनवेनच्या विणकामाच्या सुया घेऊन आला. सुईने भोक पाडायचं आणि देठ खुपसायचा, अशी एकशेचार फुलं आम्ही पाऊण तासात उभी केली. पडेल तिथे वगैरे म्हणायला वेळच नव्हता, त्यामुळे नेस्टाने ती पाच रांगांत लावून घेतली आणि शेवटी मागे सरकून कमरेवर हात ठेवून बघितलं. आयुष्यात इतकी समाधानी मी तिला पाहिली नव्हती. दहाला पाच कमी असताना आम्ही सगळे बसथांब्यावर जाऊन बसची वाट बघितल्यासारखे उभे राहिलो. (रविवारी बस नसते.)

दहाला पडदा उघडला. केनवेन खुर्चीत होती, निळा स्वेटर, केस एका बाजूने कुरळे. आम्ही हात हलवले. आणि वारा सुटला. पहिली रांग सावकाश आडवी झाली. मग दुसरी. मेरिगला काय सुचलं कोण जाणे, तिचं लक्ष वेधायला त्याने भजन सुरू केलं, तेही वरच्या पट्टीत. तिसरी रांग पडली. मी इद्वलकडे बघूच शकलो नाही. आणि खिडकी उघडली. आवाज आला तो थेट सहाव्या घरापर्यंतचा. "मेरिग, बंद कर ते. आणि सगळे आत या, पाय पुसून."

आम्ही रांगेने आत जाऊन उभे राहिलो. म्हणाली, "खुबा झोपू देत नाही मला. चारपासून जागी आहे. पडद्याला फट आहे आणि फटीला डोळा आहे. एकेक जण येतोय कात्री लपवत, आणि जाताना तसाच परत दबकत. मांजरं बरी तुमच्यापेक्षा. मला वाटलं आता संपलं, तर गेली तशी सगळी परत आली, आणि नेस्टाबाई त्यांना रांगेत उभं करतायत." एवढं बोलून ती हसायला लागली. हसता हसता खोकला, खोकल्यातून पुन्हा हसू, इद्वल घाबरून पाणी आणायला धावला. नेस्टा ओल्या आवाजात म्हणाली, "केनवेन, तुझ्यासाठी लावली होती ग, आणि आम्हीच..." केनवेन म्हणाली, "ते नंतर रड. आधी ती गोळा करून आणा. मेलेल्या माणसांना वाहिलेली फुलं उचलता, लाज नाही वाटत? द्यायला मी येते." बोळात नोव्हेंबरपासून एक चाकाची खुर्ची घडी घालून ठेवली होती, तिच्यावर सगळ्यांचे कोट टांगलेले. कोट काढले. एकशेचार फुलं तिच्या मांडीवर ठेवली आणि आम्ही तिला दाराबाहेर काढलं. दाराबाहेर, आत्या. मेरिग आणि मी ढकलायला (माझा एकच पाय), आणि शेजारून इद्वल पाऊस नसताना तिच्यावर छत्री धरून चाललेला. संपूर्ण चढभर ती त्याला ओरडत होती, छत्री नीट धर, माझे केस. इद्वल हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही लपवायला छत्री त्याला पुरत नव्हती.

वर जाऊन तिने स्वतःच्या हाताने वाटणी केली. कोणाला किती ते तिच्या मनावर. मेरिगच्या बापाला वीस. आजोबांना तीन. मी विचारलं, तीनच? म्हणाली, अठ्ठावन्न साली सफरचंदाच्या झाडावरून त्यांनी मला काठीने उतरवलं होतं, तीन पुष्कळ झाली. हे मी तुम्हाला जसं घडलं तसं लिहितो आहे. शेवटी ती त्यांच्या मुलाच्या, इवोरच्या, दगडाशी गेली. तो चार वर्षांचा होऊन गेला, तुम्ही त्याला मांडीवर घेतलं आहे. इद्वलने यंदा त्याच्यासाठी काही तोडलं नव्हतं, आपली पंधराच्या पंधरा तिला दिसावीत म्हणून ठेवली होती, आणि आता हे त्याच्या जिवाला लागलं होतं. पण तिथे आधीच फुलं होती. बाला गावात राहणारी तिची भाची सकाळी येऊन गेली असेल असं सगळ्यांनी ठरवलं. केनवेनने वाकून ती फुलं जरा सारखी केली. मग म्हणाली, थंडी वाजते, चला.

असा हा खुलासा. तुमच्या मांजरीच्या डोक्यावरून माझ्यातर्फे एक हात फिरवावा आणि ट्रम्पेटवाल्याकडे माझ्यातर्फे दुर्लक्ष करावं. तुमचा राग पुरता गेला नसेल तर उरलेला पाकिटात घालून पाठवावा, कार्डावर नको.

तुमचा आज्ञाधारक,
गेथिन

ता. क. ओळीची पुन्हा बैठक झाली. येत्या ऑक्टोबरात दुप्पट कंद लावायचे, निम्मे खिडकीसाठी आणि निम्मे वरच्या माणसांसाठी, असं ठरलं. कोणते कोणाचे ते फुलल्यावर कसं ओळखायचं, यावर पुढची बैठक आहे.

ता. क. २. हे सगळं लिहिलं ते खरं तर एका छोट्या कामासाठी. इद्वलची खिडकीखालची पंधराही मीच तोडली. नेस्टा आता त्यांच्या मागावर आहे, आणि शाळेतल्या पुडिंगचा चोर तिने तेवीस वर्षांनी त्याच्या लग्नात पकडला होता. तर तुम्ही मला एक पत्र पाठवावं. तारीख मार्चमधली घालावी आणि त्यात असं लिहावं, की यंदा आजोबांना तीस फुलं वाहायची, एकही कमी नको, असा तुमचा हुकूम आहे. तुमचा हुकूम म्हटला की इकडे पुढे कोणी विचारत नाही. जरा रागाने लिहिलंत तर खरं वाटेल. जादाची पंधरा कुठे गेली ते मात्र विचारू नका, ते सांगता येणार नाही.

ता. क. ३. ग्वेनलियन, हे अक्षर माझं. घोटा दुखतो म्हणून त्याने पत्र टाकायला इद्वलकडे दिलं, पाकीट चिकटवलेलं नव्हतं, मी वाचलं. तो म्हणतो तसलं काही लिहून पाठवू नकोस. ती पंधरा माझ्या इवोरपाशी होती, टपालाचे गठ्ठे बांधायच्या पोस्टाच्या तांबड्या रबरबँडमध्ये बांधलेली. ही काही यंदाचीच गोष्ट नाही. दर फुलांच्या रविवारी आम्ही पोचायच्या आधी तिथे कोणीतरी फुलं ठेवून गेलेलं असतं, आणि इद्वलला वाटतं माझी भाची. मी रबरबँड काढून खिशात घालते. डब्यात एकवीस आहेत. त्याला यातलं काही कळवू नकोस, लाजेल आणि ठेवायचं बंद करेल. इद्वल आत्ता मागच्या दारी आहे, त्यालाही सांगितलेलं नाही, पण हे पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत मीच टाकून येते आहे. चालत.

केनवेन